इद्रीसभाईंचा चष्मा

अरब मुलखात, मिरकाब पेठेतल्या किराणा दुकानात अठरा वर्षं गल्ल्यावर बसलेले इद्रीसभाई स्वतःला अरबीचे मोठे पंडित समजत. त्यांची बायको झुलेखा मात्र त्यांना पुरती ओळखून होती. रत्नागिरीकडच्या मदरशात ते कुराण वाचायला शिकले, तेही जेर-जबरच्या स्वरखुणा लावलेलं. अर्थाच्या नावाने बोंब. बाजारापुरतं बोलायला यायचं, पण कुणाची हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर आली की गाडी अडली. आणि हे कबूल करतील तर ते इद्रीसभाई कसले!

नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज शहरात घुसली. ऑक्टोबरात नाक्यावरचा इराकी शिपाई तौफीक घरचं पत्र घेऊन दुकानात आला. लहानशा गावचा पोरगा, अंगठाबहाद्दर. सोबतचे टिंगल करायचे, म्हणून त्यांच्याकडे जायची लाज. आई आजारी होती, तिचं कसं आहे एवढंच त्याला हवं होतं.

इद्रीसभाईंनी चष्मा चढवला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि आई ठणठणीत असल्याची थाप ठोकली. पोरगा हरखला. लगेच उत्तर लिहा म्हणाला: थंडी सरली की येतो, माझ्यासाठी खजूर ठेव. आता लिहिणार काय, कपाळ? कुराणातली पाठ होती ती फातिहा सुबक अक्षरात उतरवून दिली.

"जीभ कशी झडली नाही तुमची?" झुलेखाने विचारलं. पोराला बरं वाटलं ना, तुझं काय गेलं, म्हणाले.

चार दिवसांनी तौफीक परत आला, डोळे सुजलेले. पाकिटावर पत्ता घालणाऱ्या सोबत्याने कागद उघडला होता. ही फातिहा तर मेलेल्या माणसासाठी वाचतात, म्हणून चपापून त्याने घरचं पत्रही मागून वाचलं. आई सप्टेंबरातच गेली होती. तुम्हाला तोंडाने सांगवलं नाही, म्हणून तुम्ही असं कळवलंत, म्हणत तौफीकने इद्रीसभाईंच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आणि हे महाशय? मान खाली घालून अवलियाचा आव आणून बसले. झुलेखाला किळस आली.

तौफीकने खिशातून दुसरं पत्र काढलं, बहिणीचं. इद्रीसभाईंचा हात चष्म्याकडे गेला, पण झुलेखाने तो आधीच उचलला होता.

"यांना वाचता येत नाही," ती मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली. "तेव्हाही आलं नव्हतं."

तौफीकला तिचा संताप आला. एवढ्या भल्या माणसाला त्याची बायकोच असं बोलते! त्याने तिच्या हातातून चष्मा काढून घेतला, आपल्या बाहीला पुसला आणि इद्रीसभाईंना दिला.

इद्रीसभाईंनी तो चढवला.