आकड्यांवरचा रंग

"हात लावू नका," असं म्हणता म्हणता साहेबांचा स्वतःचा तळवा देवळाच्या खांबावर टेकलेला असायचा, तापल्या पोराचं कपाळ बघावं तसा. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचे ते नांदेडचे अधिकारी. नांदेड आणि लातूर असे दोन जिल्हे त्यांच्याकडे आणि जीप एकच, तीही बहुधा गॅरेजात. मग एसटीनं हदगावला यायचे, तिथून आमच्या गावाला. मी गावातला मास्तर. उतरले की आधी शाळेत पाणी प्यायचे.

आमच्या महादेवाच्या देवळाची मागची भिंत पोट सुटल्यासारखी फुगली होती. गावानं सिमेंटची पोती आणली, ती साहेबांनी परत पाठवायला लावली.

"सिमेंट दगडाला खातं. भिंत उतरवू, चुन्यात पुन्हा रचू. मंजुरी येईपर्यंत थांबा."

"कवा येईल, साहेब?" सरपंचांनी विचारलं.

"मुंबईला पाठवलंय."

असली उत्तरं तुम्हीही ऐकली असतील. आमचं गाव एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण या माणसाचं ऐकलं. भिंतीला टेकू लावून पावसाळ्यामागून पावसाळे थांबलं.

मंजुरी आली तेव्हा साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. भिंत उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर आकडा घालतात, म्हणजे रचताना ज्याचा तो दगड जागेवर बसतो. गुडघे धरले होते, तरी साहेबांनी सगळे आकडे स्वतः घातले, पांढऱ्या रंगानं. मग कारागीर बघायला नांदेडला गेले.

मध्येच शिवरात्र आली. यात्रेला पाहुणे येणार आणि देवाच्या अंगावर कैद्यासारखे आकडे! शिवाय काम सुरू झाल्याचा आनंदही खराच होता. गावानं वर्गणी काढून सगळं देऊळ पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवलं, आणि सरपंचांनी हौसेनं साहेबांना फोटो पाठवला. साहेब पहिल्या गाडीनं आले.

"बघा साहेब, कसं झकास दिसून राहिलं! तुमी एवढं केलं, मग आमी बी केलं."

साहेबांनी भिंतीला हात लावला. रंग ओला होता. "छान केलंत," एवढंच म्हणाले. नंतर माझ्या घरी रॉकेलनं तळवा घासत बसले. "गुरुजी, यांना काय बोलू? माझ्याच शब्दावर थांबलेत हे."

आकडे पुन्हा घालता आले असते. पण पाहणीला आलेल्या वरच्या साहेबांनी रंग पाहिला आणि काम थांबवलं. आधी रंग काढण्याचा वेगळा प्रस्ताव पाठवा, त्याची मंजुरी घ्या, मग भिंत. मला आजही त्या माणसाचा संताप येतो. प्रस्ताव मुंबईत असतानाच, श्रावणात, भर दुपारी भिंत बसली आणि छत घेऊन गेली. खाली उरला पिवळ्या दगडांचा ढीग. कुठला दगड कुठला, ते सांगणारे आकडे रंगाखाली गेले होते.

गावानं शेजारीच स्लॅबचं देऊळ बांधलं. दगड ओढ्याकाठी ढकलले. साहेब निवृत्त झाले, त्यांची खुर्ची अजून रिकामीच आहे. कळस चढवायला मात्र गावानं त्यांनाच आग्रहानं बोलावलं. त्यांनी शाल-नारळ घेतला, फोटोला उभे राहिले.

पंगत बसल्यावर ते दिसेनात, म्हणून मी शोधायला निघालो. जुन्या देवळाच्या जागी आता ट्रॅक्टर लावतात. तिथं कडेला साहेबांनी चपला काढून ठेवल्या होत्या. जुनं दार फार बुटकं होतं, वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. त्या मोकळ्या जागेत साहेब कमरेत वाकले, आणि आत गेले.