हिंगूळ लावलेला शाफ्ट

जीप उंच करायची गरज होती, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. आमच्या शेताकडं जाणारी वाट काळ्या मातीची. दोन्हीकडं ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या आणि मधे वरंबा. तो वरंबा माझ्या जुन्या जिपेचं पोट खरवडून काढायचा. हे खरं आहे. पण त्याच वाटेवरनं शेजारपाजारचे लोक मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून रोज जातात आणि त्यांना कधी काही उंच करावं वाटलं नाही, हेही खरं आहे. मूळ कारण वेगळंच होतं. पन्नाशी जवळ आली, कळंबजवळच्या वाशीच्या शाळेत भूमिती शिकवून शिकवून घसा बसला, आणि रोज जेवणानंतर मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या उंच जिपा बघायचा नाद लागला. आपलीही अशी दिसावी, एवढंच.

नवरात्रात पुढच्या-मागच्या स्प्रिंग-पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे ते पाटे टांगायच्या कड्या, बसवले. जीप चांगली वीतभर वर आली. आईनं दारातनं बघितलं आणि विचारलं, "आता ह्यात चढायला शिडी घरचीच का?" मी हसण्यावारी नेलं. तिच्यासाठी लाकडी पाट ठेवला, तो पाटही कमी पडला, मग पाटाखाली वीट आली.

खरी गोष्ट दसऱ्यानंतर सुरू झाली. चाळीसच्या पुढं काटा गेला की जिपेच्या पोटातनं घरघर यायची. पन्नासला सीट थरथरायची, साठला आरशात मागचा रस्ता दिसायचा बंद व्हायचा. आमच्या घरी खव्याची भट्टी आहे. ती बायको चालवते, आणि शेतावरच्या म्हशींचं दूध त्या जिपेतनंच घरी येतं. एका सकाळी तिनं कॅनचं झाकण काढलं तर वर फेसाबरोबर लोण्याचे कण तरंगत होते. कॅन तसाच उचलून माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली. आई मात्र म्हणाली, सूनबाईला रवी घुसळायचा तरास वाचला, लेक शिकल्याचा काहीतरी उपयोग झाला.

कळंबच्या गॅरेजवाल्यानं चाकं काढून तपासली, बॅलन्स केली, गिअरबॉक्सपासनं मागच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस नवे घातले. घरघर तशीच. त्यानं मान हलवली आणि सल्ला दिला की उंची उतरवा, होती तशी करा. हा सल्ला मी घरी सांगितला नाही. पण बायकोला तो न सांगताच कळला असावा, कारण त्याच आठवड्यात तिनं गिऱ्हाईक शोधलं. कळंबचे एक आडते, आमच्या लांबच्या नात्यातले, त्यांना शेतावर फिरायला जुनी जीप हवीच होती.

"रविवारी येणारेत बघायला," ती म्हणाली. "तवर थरथर गेली तर ठेवा. न्हाय गेली तर द्यायची. आत्याला सोनारीला देवाला न्यायचंय, त्यांची कंबर अशा गाडीत ऱ्हाणारे का?"

आत्या म्हणजे माझी आई. मी म्हणालो, जाईल. कशी जाईल हे मला माहीत नव्हतं. ही जीप मी भंगारातनं उचलून एकेक नट पारखून उभी केलेली. तिच्यात मुलींना शाळेत सोडलं, उसाचं बेणं आणलं, वरातीत नवरदेव बसवला. ती आडत्याच्या दारात धूळ खात उभी आहे असं चित्र डोळ्यापुढं आलं आणि घास गिळेना. म्हणजे गिळला, पण भाकरी एक कमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शाळेतनं आल्याबरोबर जिपेखाली शिरलो. उंच केल्याचा एक फायदा असा की आता माझं पोट आत सहज मावत होतं. पाठीवर पडून वर बघितलं आणि स्वतःचीच कलाकुसर नजरेला पडली. इथं जरा मागं जाऊन सांगावं लागेल. आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं अवजार धुऊन, पुसून, रंगवून पूजेला मांडतात. विळ्या-खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत. नेमकं त्याच दिवशी शॅकलच्या कामासाठी शाफ्ट खोलून, त्याचे दोन तुकडे करून अंगणात ठेवला होता. त्याला उघडाबोडका पूजेला कसा मांडायचा? पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ डब्यात उरला होता. मी दोन्ही तुकड्यांना लालभडक हिंगूळ दिला, वर सोनेरी पट्टे ओढले. आईनं हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. गल्लीतले लोक बघून गेले. दसऱ्याला मी तो मोठ्या ऐटीत परत जोडला.

आता खाली पडून मी त्या सोनेरी पट्ट्यांकडं बघत होतो आणि एक गोष्ट लक्षात आली. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एकाचे दाते दुसऱ्यात सरकतात. दाते कुठंही बसतात, पण शाफ्ट नीट फिरायचा तर दोन्ही टोकांचे क्रॉस धरणारे कान एका रेषेत यायला हवेत. म्हणून कारखान्यात दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण कोरतात. बाणापुढं बाण आला की झालं. माझ्या शाफ्टवर बाण कुठं होते? हिंगुळाखाली.

रॉकेलचा बोळा आणि जुनं पातं घेऊन खरवडायला लागलो. डोळ्यात लाल भुगा पडत होता. पहिला बाण सापडला. दुसरा त्याच्या समोर नव्हता, बाजूला तोंड करून बसला होता, रुसलेल्या जावयासारखा. मी खालनंच बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, वाकून बघितलं.

"रंग कुणी दिला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, दसऱ्याचं होतं ना.

"बैलांनी तरी कधी शिंगं काढून परत लावली न्हाईत," ती म्हणाली आणि भाकरीकडं गेली.

शाफ्ट खोलला, बाणापुढं बाण आणला, परत बसवला. वाशीच्या बाहेर रस्त्यावर नेली तर सीटची थरथर गेलेली. मी मोठ्यानं गाणं म्हणत परत येत होतो आणि त्यातच लक्षात आलं की गाण्याच्या खालनं बारीक घुमारा अजून येतोय. गाणं थांबवलं. घुमारा थांबला नाही.

त्या संध्याकाळी मी मान्य केलं की उरलेला दोष उंचीचाच आहे. पण उंची उतरवायची नाही, हेही ठरलेलं. विचार केला. गिअरबॉक्सचं तोंड आणि मागच्या आसावरच्या गोळ्याचं नाक, मधे तिरका शाफ्ट. दोन रेषा आणि त्यांना छेदणारी एक. आता आठवीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं काय शिकवतोय? रेषा समांतर असल्या तरच कोन सारखे. लांब शॅकलनं गोळ्याचं नाक वर उचललं गेलं होतं, रेषा समांतर राहिल्या नव्हत्या. हे फळ्यावर मी डोळे मिटून काढतो, पण माझ्याच जिपेच्या बुडाखाली मला ते दिसलं नव्हतं.

धाकटीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. त्याच्या मधल्या भोकातनं दोरा ओवला, दोऱ्याला नट बांधला. जीप शहाबादी फरशीवर उभी केली. पुढं मोजलं, मागं मोजलं. फरक निघाला. आई पाटावर बसून बघत होती. म्हणाली, "आमी पेरताना पाभरीला फण उतार-चढ करायला पाचर ठोकायचो. तू बी तसंच करायलास व्हय?"

तसंच करायचं होतं. लेथवाल्याकडनं लोखंडाच्या दोन पाचरी कापून आणल्या, एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळत्या. स्प्रिंगचा पाटा आणि आसाचं हाऊजिंग यांच्यामधे त्या घालून बोल्ट आवळायचे, की नाक खाली येतं. शनिवारी दुपारी घातल्या. रस्त्यावर नेली आणि जीप पहिल्यापेक्षा वाईट ओरडायला लागली. मी जाड बाजू पुढं ठेवली होती. नाक खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेलं होतं. दोरा-नट परत लावायचा मला कंटाळा आला होता, त्याचं हे फळ.

घरी आलो तर बायकोनं तोंडाकडं बघून चहा ठेवला. चहा पिऊन परत खाली शिरलो, बोल्ट सैल केले, पाचरी उलट फिरवल्या, आणि ह्या वेळी दोरा लावून मोजलं. पुढचा कोन आणि मागचा कोन, दोन्ही सारखे. मी उताणा पडल्यापडल्याच हसायला लागलो. आईला वाटलं, गाडी अंगावर आली.

रविवारी आडते यायच्या आधी बायकोच म्हणाली, आणा चावी. माझ्या गाडीचा आवाज मला कधीच ऐकू येत नाही, असं तिचं मत. मला फाट्यावर उतरवलं आणि एकटी निघाली. वळणापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. जीप वळणापाशी गेली, वळणाच्या पुढं गेली, आणि दिसेनाशी झाली. मी हातात पाना धरून उभा. येणारेजाणारे विचारायचे, सर, बंद पडली का? मी म्हणायचो, न्हाय, चालू आहे म्हणून तर गेली.

बऱ्याच वेळानं ती आली. पदर मानेवर उडालेला, गाल लाल. थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"सत्तरला नेली," ती म्हणाली. "काही न्हाय. नुसता वारा."

मी विचारलं, मग?

"मग काय, बसा तिकडं. मीच चालवते."

घरी आलो तर आडते अंगणात खुर्चीवर बसलेले. आईनं त्यांना पाणी दिलेलं. त्यांनी जिपेभोवती फेरी मारली, टायरवर हात थापटला, खाली वाकून लाल शाफ्टकडं बघितलं आणि म्हणाले, असला रंग कुठं बघितला नव्हता.

"बघून घ्या," बायको पदर खोचत म्हणाली. "पण द्यायची न्हाय. आम्हाला सोनारीला जायचंय. चहा घेऊन जा."

आडत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसता टायरवर हात ठेवून उभा राहिलो. आई तोपर्यंत नैवेद्याचा डबा कमरेवर घेऊन दारात आली होती. विटेवरच्या पाटावर पाय देऊन, कुणाचा हात न धरता ती वर चढली, पुढच्या सीटवर बसली आणि मला म्हणाली, "तू मागं बस. सूनबाई चालवती."