दोन्या एदेल्मिराचं तोंड आणि घर

लिमाच्या बर्रांको भागातल्या आमच्या गल्लीत दोन्या एदेल्मिराशी, म्हणजे एदेल्मिराबाईशी, भांडून कुणी जिंकलेलं नाही. अपवाद एकच: तिच्या न्हाणीघराच्या छतावरची बुरशी.

आमच्या लिमात पाऊस पडत नाही, पण हिवाळाभर धुकं इतकं ओलं असतं की बरणीतलं मीठ चमच्याने खरवडून काढावं लागतं. त्यात हिचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं. दरवर्षी बाई शिडीवर चढून काळे डाग ब्लीचने घासायची, वर चुना फासायची. चुना वाळतो न वाळतो तोच डाग परत हजर, बोलावल्यासारखे.

यंदा तिची मुलगी नीदिया आली. वर बघून म्हणाली, "आई, हे घर विकायचं. माझ्या फ्लॅटवर चल."

"तुझ्या फ्लॅटवर? तिथे मासे तळले तर शेजारी दार ठोठावतात!"

"सांता रोसाच्या सणाला मी परत येईन. छत काळं दिसलं तर सामान बांधायचं."

"पांढरं दिसेल. काळं दिसलं तर मी स्वतः बांधते!" दोन्याने दारात येऊन भरल्या गल्लीसमोर शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मला शिडी धरायला बोलावणं आलं. वर पाहिलं तर छताच्या मधोमध जुना झरोका, समुद्राकडे तोंड केलेला, आणि त्यात कोंबलेली एक अख्खी गादी.

"दोन्या, हे काय?"

"मीच बंद केलाय. गरम पाण्याने अंघोळ केली आणि गार वारा लागला की तोंड वाकडं होतं. माझी मावशी तशीच गेली, अर्धी हसत."

मला हसता येईना. अंघोळीनंतर मीही तासभर फ्रीज उघडत नाही. आमच्याकडे कुणीच उघडत नाही.

"अहो, पण वाफेला बाहेर जायला वाटच नाही! बुरशी तुम्हीच पोसताय."

बाईने शिडीवरून गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तोंड सरळ हवं तर घर सोडायचं?"

"तसंच दिसतंय."

"मग बघतोस काय? काढ ती गादी!"

मी गच्चीवर चढलो, कुजलेली गादी ओढून काढली, गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल पाजलं. झडप करकरत उघडली आणि समुद्राचा वारा घरात घुसला. आम्ही छत घासलं, नीट वाळू दिलं, मगच चुना लावला.

त्यानंतर रोज सकाळी गल्लीला करमणूक. कानटोपी घालून, जबड्याला मफलर गुंडाळून दोन्या अंघोळ करायची आणि वाऱ्यावर ओरडायची, "ये रे मेल्या! कर वाकडं! हिंमत असेल तर कर!" समोरचा पाववाला दुकानातून ओरडायचा, "दोन्या, झालं का वाकडं?" "तुझ्यापेक्षा अजून सरळ आहे!"

सणाला नीदिया आली ती रिकामी खोकी घेऊनच. तडक न्हाणीघरात गेली, वर पाहिलं आणि किंचाळून गालावर रुमाल दाबला. "आई! वारा येतोय! बंद कर ते आधी!"

"आधी छत बघ. पांढरं आहे की नाही?"

"आहे. पण तुझं तोंड—"

"तोंड माझं आहे आणि घरही माझंच. मासे तळलेत, थांबतेस का?"

नीदिया थांबली. जेवताना गालावरचा रुमाल मात्र तिने काढला नाही.