दहाव्याच्या दिवशीची पोस्ट

परवा कुणाच्या तरी दहाव्याला हरिहरेश्वरला गेलो, तिथे ओल्या खडकावर ठेवलेल्या भाताचा आणि तिळाचा वास आला, तसा बायकोचा दहावा आठवला. भरती चढत होती, खारा वारा सुटला होता, पिंड मांडून आम्ही लांब उभे होतो आणि कावळा काय शिवेना. म्हातारे म्हणाले, तिच्या मनात राहिलं असेल ते कबूल करा. मी हात जोडून म्हटलं, पोराला नोकरी लागेल गो, तू जा. पोरगा कम्प्युटरवाला, कंपनीनं काढलेला. तो बाजूला मोबाईलवर पोस्ट लिहीत होता. "आता काय लिवतोस?" "बाबा, आमच्या धंद्यात सारखं लोकांना दिसत राहावं लागतं. गप्प बसणाऱ्याला कोणी विचारत नाही." "वाच बघू." त्यानं वाचलं, 'आईनं शेवटपर्यंत एकच शिकवलं, थांबायचं नाही.' मी म्हटलं, "खोटं हाय. तिच्या शेवटच्या दुखण्यात तू मुलाखतीला निघालास तेव्हा ती म्हणालेली, दोन दिस थांब रे. तू गेलास. ते लिव." त्याचं तोंड उतरलं. "ते लिहिलं तर नोकरी कोण देईल, बाबा?" मी म्हटलं, "टाक मग." कावळा शेवटपर्यंत आला नाही, भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. ते वाचूनच कुणीतरी बोलावलं आणि पोराला पुण्यात नोकरी लागली. त्याचे मित्र घरी आले की म्हणतात, काका, काकू फार धीराच्या होत्या. मी हो म्हणतो. 'थांब रे' म्हणताना तिचा आवाज कसा झाला होता ते आम्हा दोघांनाच ठाऊक, आणि आम्ही ते एकमेकांशी बोलत नाही.