मेंदीतून उचललेला गायक

लेकीच्या मेंदीत गाणं म्हणणाऱ्या बापाला मी पोलीस ठाण्यात नेलं. तीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठा गाढवपणा माझ्या हातून झाला नाही. म्हणूनच ती घटना आजही लख्ख आठवते.

साल एकोणीसशे बासष्ट. इस्रायलच्या दक्षिणेतल्या बेरशेबाहून येणाऱ्या बसचा शेवटचा थांबा म्हणजे आमचं गाव. ठाण्यात मराठी कळणारी मी एकटी. नवी शिपाई, आणि देशाचा सगळा भार आपल्याच टोपीवर असल्याची ऐट! मेंदीच्या घराच्या शेजारणीने खबर दिली, "रेडिओवरच्या देशाच्या गाण्याला भलते शब्द लावून हसतायत."

मी धावले. कापड गिरणीतला तो कामगार, मूळचा अलिबागकडचा, ढोलकी घेऊन बसला होता.

"बाय, उद्या लग्न आहे गो घरात."

"ते ठाण्यात सांगा. चला."

त्या काळी लग्न नोंदवताना रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, कचेरीत आम्हा कोकणातून आलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या चार पिढ्यांची चौकशी व्हायची, बाकीच्यांची नाही. याच्या लेकीच्या लग्नाला परवानगी मिळायला आठ महिने लागले होते. गुन्हा दाखल झाला असता तर लग्न अडवायला आयतं निमित्त मिळालं असतं.

आमचे अंमलदार रुमानियाहून आलेले. जबाब घेताना ते मला म्हणाले, "गाणं हिब्रूत सांग." तो गात गेला, मी सांगत गेले:

एकच देश, एकच घर, या रे सगळे आत!
फक्त आजीची आजी कोण, दाखवा कागदात.

"यात खोटं काय आहे?" साहेबांनी मला विचारलं.

माझ्या लग्नाचे कागद त्याच कचेरीत पडून होते, आणि हे मी ठाण्यात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"काही नाही, साहेब. माझेही कागद तिथंच आहेत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग तक्रार कुणाविरुद्ध लिहू?" स्वतः जीप काढून त्यांनी आम्हाला परत पोचवलं, वाटभर तीच चाल बेसूर गुणगुणत होते.

शिकले ते एवढंच: घराची चेष्टा करणारा बहुधा त्याच घरात जागा मागत असतो. सोडून जाणारा गाणी रचत बसत नाही. दोनेक वर्षांत ती चौकशीही सैल झाली, माझंही लग्न लागलं.

त्या संध्याकाळी मी खाली मान घालून जीपमधून उतरले, तेव्हा नवरीची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "उद्या लग्नाला ये हं, आणि हाच पोलिसी ड्रेस घालून ये. मांडवात कुणी कागद मागायला आलाच, तर आधी त्याला उचल!"