मिठावरची सात नावं

हॉलच्या दारात मी बूट काढायला बसलो, ही माझी चूक.

दारातून आत पांढरं दिसलं. फरशीवर मीठ पसरलेलं, चांगलं दोन खोल्यांएवढं. पाय आपोआप थांबले आणि हात लेस सोडायला लागले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. दारातली मुलगी म्हणाली, “सर, हे देऊळ नाहीये.” मागचे लोक हसले. मीही हसलो. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायची मला जुनी सवय. या वेळी जरा उशीर झाला, एवढंच.

बूट पुन्हा चढवले.

शेजारी बायको आणि आई उभ्या होत्या. आई अनवाणी. कार्यक्रम मिठाचा म्हटल्यावर तिने चपला गाडीतच ठेवल्या होत्या. तिला कोणी काही बोललं नाही. तिचं अनवाणी असणं त्यांना हवंच होतं, हे मला नंतर कळलं.

आम्ही आगरी. पनवेलच्या खाडीवर मिठागर होतं. आमचं म्हणजे आम्ही राबायचो ते. मालक कधी वर्षातून एकदा दिसायचा. मिठाच्या वाफ्यात पायताण घालून उतरायचं नाही, हा तिथला पहिला धडा. मी लहानपणी एकदा स्लिपर घालून उतरलो, तर आईने तीच स्लिपर माझ्या पाठीवर वाजवली होती. आता त्या वाफ्यांवर भराव पडलाय. आम्ही खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मी एका शाळेत लिपिक आहे.

मुंबईत एक संस्था आहे. युरोपातले कलाकार बोलावते. व्याख्यान, प्रदर्शन, प्रयोग, सगळं एकाच दिवशी. यंदाचा विषय मीठ. तिथल्या संयोजक बाईंनी कुठूनतरी आमचा पत्ता काढला. बाई मराठीच, बोलणं साखरेसारखं. म्हणाल्या, आजींचा प्रमुख सहभाग राहील. मी पुढचं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर माझं अडाणीपण दिसलं असतं ना! त्याऐवजी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून दिलं की आईचं मुंबईत भाषण आहे, युरोपच्या लोकांसमोर. चाळीस नमस्कार आणि सहा गुच्छ आले. त्यांनी गाडी पाठवली तेव्हा मी ड्रायव्हरला गेटवर पाच मिनिटं उगाच थांबायला लावलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

भाषण मी लिहिलं होतं. ‘उपस्थित मान्यवर’पासून सुरू होणारं. आईने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, हे तूच बोल. तिला एवढंच सांगायचं होतं की तिच्याबरोबर टोपल्या वाहणाऱ्या सात बायका होत्या. सातही गेल्या. त्यांची नावं तिला मोठ्याने घ्यायची होती. आठवडाभर तांदूळ निवडताना ती बोटांवर मोजत होती. एक विसरायची, पुन्हा पहिल्यापासून.

हॉलमध्ये खुर्ची नव्हती. माइक होता, पण तो पाहुण्या कलाकारापुढे. संयोजक बाईंनी लांब दांड्याची, मीठ ओढायची फळी माझ्याकडे दिली आणि समजावलं: आजी पाऊण तास मीठ ओढतील, कलाकार त्यावर बोलतील.

मी म्हटलं, आई बोलणार होती.

“नाही, नाही. प्रयोग मूक आहे. आजींचं शरीरच बोलणार आहे ना.”

आमच्याकडे फळी पुरुष ओढतात. बायका टोपल्या वाहतात. आईने उभ्या आयुष्यात फळी ओढली नव्हती. बाईंना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. सगळे बघत होते, पाहुणे उभे होते, ग्लासं भरलेली होती. फळी मी आईच्या हातात दिली. म्हणालो, “आई, जरा ओढ. मग बोलायला देतील.”

खोटं होतं ते. मला तेव्हाही ठाऊक होतं.

आई ओढायला लागली. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. फळी तिरकी जायची, ती सरळ करायची. कलाकार हळू आवाजात इंग्रजीत बोलत होता. शांततेबद्दल, समुद्राबद्दल, हरवलेल्या हातांबद्दल. हात समोर होते. कोणी विचारलं नाही, दुखतात का.

मग एक फोटोवाला बुटांसकट मिठात शिरला. आई थांबली.

“पायतान काढ, बाबा. खानारा दिसत नाय, पन खानार हाय ना कुनी.”

तो हसला आणि आणखी एक फोटो काढला. बाई माझ्या कानाशी आल्या. “आजींना सांगा ना, मध्ये बोलू नका. फील जातो.”

तोवर मी हसत होतो. खरंच. गालावर हसू तसंच चिकटलेलं. ते कुठल्या क्षणी गळलं सांगता येत नाही. बूट काढून मी मिठात उतरलो. फाटका मोजा, अंगठा, सगळं जगजाहीर. आईच्या हातातली फळी घेतली आणि खाली ठेवली. बाईंना म्हणालो, “ही आता बोलणार आहे.” त्या म्हणाल्या, कार्यक्रमात तसं नाही. मी म्हणालो, मग कार्यक्रम संपला.

आईने पदर सारखा केला. माइकशिवायच.

“ठमी. नागी. बारकी. हिरू.”

टाळ्या पडल्या. कडकडून. त्यांना वाटलं, हा प्रयोगाचा शेवट. आई बिचकली, थांबली, बोटांकडे पाहिलं. पुढची तीन नावं तिने टाळ्यांतच घेतली. जानी, पारू, सोनी. पहिल्या रांगेलाही ऐकू गेली नसतील. कलाकाराने छातीवर हात ठेवून मला विचारलं, हे कुठलं लोकगीत?

मी आईचा हात धरून मिठाबाहेर निघालो. माझं इंग्रजी तेवढं वाईट नाही. प्रश्न कळला होता.

परतताना गाडीत आईने एकच विचारलं, सोनीचं नाव आलं ना? बायको म्हणाली, आलं.

सोमवारी शाळेत बाईंचा फोन. सगळ्यांना फार आवडलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात प्रयोग आहे, तुम्ही दोघं याच. ते नावांचं तसंच ठेवू. आणि तुम्ही अनवाणी आत येता, तेही.

मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं.

“ती माणसं होती.”

त्या म्हणाल्या, तुमचा गैरसमज होतोय. मी म्हटलं, होता; आता नाही. आईचा एक फोटो, तिचा आवाज, तिच्या पायांचा ठसासुद्धा आमच्या परवानगीशिवाय कुठे लावायचा नाही, आणि ती परवानगी मिळणार नाही. हे कागदावर लिहून त्याच दिवशी पाठवलं. शाळेतली पत्रं लिहून लिहून हात बसलाय माझा. ‘आपला विश्वासू’ तेवढं गाळलं.

संध्याकाळी बायको बोंबील साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा ताठ बसूनच. म्हटलं, हे सगळं लिहून काढणार आहे, छापायला देणार आहे. त्यांनी आईशी काय केलं ते लोकांना कळू दे.

तिने मान वर केली नाही.

“लिहा की. पण फळी त्या बाईंनी दिली असं लिहू नका. आईंच्या हातात ती तुम्ही दिलीत.”