पाण्याचा दिवस आणि तळघरातली फरशी

लोकांना वाटतं, फरशीच्या धंद्यात किस्से कसले? सिमेंट, रंग, रोलर, झालं! पण तुम्ही एकदा जुन्या घराच्या तळघरात उतरा आणि तिथल्या ओलसर कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, इपॉक्सीचा चकचकीत थर मारून दाखवा, मग बोलू. आम्ही काही किस्से जमवायला निघालो नव्हतो. ओल जशी न सांगता खालून वर येते, तसे तेही साचत गेले. ओलीवर निदान उपाय तरी आहे.

आमची टीम तिघांची. मी म्हणजे काम घेणारा, शब्द देणारा आणि मग काळजी करत बसणारा. मल्लिनाथ सोलापूरजवळच्या मंद्रूपचा, रेझिन आणि हार्डनर हे इपॉक्सीचे दोन भाग मिसळायचं काम त्याचं, आणि बडबडही त्याचीच. रशीदचाचा ग्राइंडर चालवतात. गुळगुळीत कोब्याला इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी तो घासून खरखरीत करावा लागतो. चाचा दिवसभर धुळीत असतात आणि दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत.

माझा स्वभाव घाबरट, लपवण्यात काही अर्थ नाही. इपॉक्सीखाली ओल अडकली की फोड येतात आणि अख्खा थर सालपटासारखा सुटतो. आम्ही म्हणतो, फरशी उठली. या दोन शब्दांचीच मला भीती. लग्नाला गेलो तरी आधी हॉलच्या फरशीवर तळवा फिरवून बघतो. बायको म्हणते, "लोकं नवरी बघायला येतात, हे फरशी बघायला!"

यंदाच्या उन्हाळ्यात त्या भीतीला नाव मिळालं, रेणुकाताई. सोलापूरच्या भवानी पेठेत त्यांचं जुनं घर, खाली तळघर. यंत्रमाग बंद पडल्यावर ताईंनी त्या तळघरात टॉवेलची शिलाई सुरू केली. पहिल्याच मोठ्या मालाला खालून ओल लागली आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलांवर काळे ठिपके उमटले. व्यापाऱ्यानं माल परत पाठवला. पुन्हा एक ठिपका दिसला तर काम दुसरीकडे देईन, असा निरोपही धाडला. नवा माल यायच्या आत तळघर कोरडं हवं होतं. घर त्या शिलाईवरच चालायचं.

"दादा," ताई म्हणाल्या, "मशिनी ठेवायच्या का विकायच्या, ते तुमी सांगा."

मी म्हणालो, "ठेवा." आणि घरी येऊन जेवलो नाही.

*

काम सुरू करण्याआधी आम्ही ओलीची परीक्षा घेतो. प्लास्टिकचा मोठा तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारी कडांना टेप लावायची आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचं. खाली थेंब जमले असतील तर ओल आहे. इतकं सोपं!

एका जुन्या बंगल्यात असंच प्लास्टिक लावून आलो. तळघरात वास असा की नाक धरावं, भिंतींना पोपडे, आणि प्लास्टिकखाली मात्र ठणठणीत कोरडं! पुन्हा लावलं, पुन्हा कोरडं. मी चक्रावून गेलो. शेवटी मल्लिनाथ खाली वाकला आणि म्हणाला, "ही टेपच आपली न्हाय की!"

घरातल्या काकू मागेच उभ्या होत्या. कौतुकानं म्हणाल्या, "अहो, सकाळी उचलून बघितलं तर आत सगळं पाणी पाणी! तुम्ही येणार म्हटल्यावर छान पुसून घेतलं आणि नवी टेप लावून ठेवली. बाहेरच्या माणसाला असं ओलं दाखवायचं का?"

म्हणून रेणुकाताईंना मी आधीच बजावलं होतं, पुसायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. त्यांनी लावला नाही. प्लास्टिक उचललं तर खाली एक थेंब नव्हता. ताईंचा जीव भांड्यात पडला. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. टॉवेलांना ओल लागते आणि प्लास्टिकला लागत नाही, हे कसं?

*

रेझिन आणि हार्डनर एकदा मिसळले की मग कुणासाठी थांबत नाहीत. त्यातून सोलापूरचा उन्हाळा! पटापटा ओतायचं, पसरायचं आणि बाहेर पडायचं.

एका ठिकाणी बादली घोटून तयार होती, रोलर हातात होते, आणि घरमालक काका पंचांग घेऊन जिन्यात आडवे!

"थांबा! राहुकाळ लागला."

"काका, हे थांबत नसतं."

"अहो, दीड तासाचा तर प्रश्न आहे. चहा घ्या तोवर."

मी मल्लिनाथकडे बघतोय, मल्लिनाथ बादलीकडे. बादली तापायला लागली, मग तिच्यातून वाफ निघायला लागली. काका दोन पायऱ्या वर सरकले. मल्लिनाथनं बादली उचलून अंगणात नेऊन ठेवली, तोवर घोटायची काठी आत खांबासारखी उभी राहिली होती. हलवून बघितली, पण बादलीच हलली. सगळा माल दगड झाला होता. मी रडकुंडीला आलो.

काकांनी सावकाश येऊन बादलीवर बोटानं टकटक केलं आणि पंचांग मिटलं. "बघितलंत? मी सांगत होतो ना, वेळ वाईट आहे!"

*

दुसरी भीती पायांची. ताज्या फरशीवर एक दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही. आम्ही दारात दोरी बांधतो, घरातल्या सगळ्यांना बजावतो. पाहुण्यांना कोण बजावणार?

बाळीवेशीत एका घरी काम उरकून आम्ही अवजारं धूत होतो. तेवढ्यात मालकांचे व्याही आले, म्हणजे मुलीचे सासरे. गृहस्थ फार रीतीचे. नवीन काम झालंय म्हटल्यावर चपला घालून कसं जायचं? त्यांनी चपला बाहेर नीट जोडीनं काढल्या, दोरी वर उचलली आणि अनवाणी आत गेले. बरोब्बर मध्यावर जाऊन चिकटले! एक पाय उचलावा तर दुसरा आणखी चिकटतोय.

मालक दारात आले. मी हातवारे करून सांगतोय, ओरडा, थांबवा! पण मुलीच्या सासऱ्यावर ओरडणार कसं? त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "या, या! बसा की!"

*

आता रेणुकाताईंकडे परत येतो, कारण माझं मन तिथून हललंच नव्हतं. चाचांनी कोबा घासला, भेगा भरल्या, आम्ही प्रायमरचा पहिला हात मारला. सगळं झकास दिसत होतं. मग पाण्याचा दिवस आला.

आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठं येतं? चार-पाच दिवसांआड येतं, आणि आलं की गल्ली जागी होते. जुन्या घरांतून जमिनीखाली हौद असतात, ते त्या दिवशी काठोकाठ भरायचे आणि पुढं पुरवून वापरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"दादा, फरशीला पुऱ्या आल्यात."

जाऊन बघितलं तर एका भिंतीलगत प्रायमर टम्म फुगला होता. एक फोड दाबला तर बोटावर पाणी आलं. मी तिथंच खाली बसलो. चाचांनी भिंतीला कान लावला, हात लावला आणि विचारलं, "इसके पीछे क्या है?"

पलीकडे शेजारच्या बसवराज आप्पांचा हौद होता. आम्ही प्लास्टिक लावलं तेव्हा त्यातलं पाणी तळाला गेलं होतं. अख्खं शहर पाण्याचे दिवस मोजून जगतं, आणि आम्ही सोलापूरची तीन माणसं कोरड्या दिवशी प्लास्टिक लावून खूश झालो!

आप्पा शेंगांचे व्यापारी. स्वभाव कडक, आवाज त्याहून कडक. मी हात जोडूनच गेलो.

"आप्पा, तुमच्या हौदाला कुठंतरी चीर असेल. एकदा रिकामा करून बघू द्या."

"माज्या आजोबानं बांदलेला हौद हाय त्यो. आटल, पन गळायचा न्हाय."

"ताईंचा माल पुन्हा खराब होईल हो."

"ब्याड, ब्याड! नगं म्हणजे नगं! आज हौद गळतोय म्हणतोस, उद्या घर गळतंय म्हणशील. निघ!"

मल्लिनाथ त्यांच्याशी कानडीत बोलून बघायला गेला. माझ्याहून लवकर बाहेर आला.

मग जे हातात होतं ते केलं. फुगलेलं सगळं खरवडून काढलं, चाचांनी कोबा पुन्हा घासला, ओल अडवणारा भारी प्रायमर दोन हात मारला आणि वर इपॉक्सी. फरशी आरशासारखी झाली आणि वाळून पक्कीही झाली. पण भिंतीपलीकडून पाणी येतच राहिलं तर ती किती दिवस टिकेल, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. तेच मी ताईंना सांगितलं. "भरला हौद आणि नवी फरशी, दोघांची गाठ पाण्याच्या दिवशी पडेल. त्या दिवशी उठली तर गेली. नाही उठली तर मशिनी खाली आणा."

नवा माल येऊन पडला होता. वरच्या खोलीत टॉवेलांचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते आणि पोरं त्यांच्या फटीत बसून अभ्यास करत होती.

*

पाण्याच्या दिवशी मी सकाळपासून फोन हातात धरून होतो. दुपारी वाजला.

"दादा, लवकर या," एवढंच म्हणून ताईंनी ठेवून दिला.

आम्ही तिघं एकाच गाडीवर निघालो. गल्लीत शिरलो तर आप्पांच्या नळाला लावलेला पाइप त्यांच्या हौदाकडे न जाता ताईंच्या तळघराच्या खिडकीतून आत गेलेला! भिंतीला धरत जिना उतरलो.

तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीभर भरलेले ड्रम, हंडे, घागरी, बादल्या, लग्नातली मोठाली पातेली, सगळी काठोकाठ. मधल्या जागेत गल्लीतल्या तेलुगू विणकर घरांतल्या बायका मांडी घालून आपल्या भाषेत गप्पा मारत होत्या. आणि जिथं पुऱ्या आल्या होत्या, त्या भिंतीलगत स्वतः रेणुकाताई बसल्या होत्या, जमिनीवर दोन्ही तळवे दाबून.

"ताई, हे काय?"

"तुमीच म्हणाला नव्हं, आज उठली तर गेली? मग सगळ्यांनी मिळून दाबून धरली की!"

चाचा भांडी चुकवत भिंतीपर्यंत गेले, कडेनं तळवा फिरवत या टोकाकडून त्या टोकाकडे आले.

"सुक्का है," चाचा म्हणाले.

तेव्हा कुठं मला कोपऱ्यात बसवराज आप्पा दिसले. धोतर वर खोचून, हातात पाइप धरून ते शेवटचा ड्रम भरत होते.

मी हळूच विचारलं, "आप्पा, आज हौद रिकामाच ठेवला?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हौद गळत न्हाय माजा," ते म्हणाले. "पन आज हितं भरलं. बघू तर, तुजी फरशी किती वजन झेलती!"